दोन इंच म्हणजे नेमके किती?

भिवंडीच्या पेठेत आम्ही कापड विकतो. नळकाम हा आमचा धंदा नव्हे, आणि या पानावर पाइपांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकारही नाही. तथापि गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर जवळजवळ दोन महिने आम्ही तागे बाजूला ठेवून पाइप, ओ-रिंग आणि आटे यांच्यामागे फिरलो. त्या फिरण्यात जे पाहिले ते आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांच्या कामाचे आहे, म्हणून हा मजकूर.

आमचे दुल्हाभाई खेड तालुक्यातले. दम्माममध्ये त्यांनी इमारतींच्या देखभालीचे काम केले. तेथील अमेरिकन कुटुंबांच्या वसाहतीत अंगणात बसावयाचे गरम पाण्याचे टब असत, ज्यांना आपल्याकडे सरसकट जकूझी म्हणतात. अशी एक वसाहत रिकामी झाली, सामानाचा लिलाव झाला आणि दुल्हाभाईंनी एक टब घेतला. २००३ मध्ये कायमचे परत येताना घरसामानाबरोबर तो जहाजाने आणला. गावात लोक हसले. आम्हीही हसलो, खोटे कशाला बोला! आपांना मात्र तो टब लाभला. त्यांना संधिवात आहे. चाळीस अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे बसले की दुखणे जात नाही, पण बोटे वळतात आणि जिन्याच्या पायऱ्या चढता येतात. वीस वर्षे त्यांचा दिवस त्या टबापासून सुरू होत आला.

या टबाचा इतिहास आपल्या कारागिरांनी ऐकण्यासारखा आहे. जकूझी हे आडनाव आहे. इटलीतून अमेरिकेत गेलेले सात भाऊ, कॅलिफोर्नियातील बर्कलीत त्यांचा कारखाना. आधी ते विमानांचे पंखे बनवीत, पुढे विमानही बनवले. १९२१ मध्ये त्यांचे विमान कोसळून एक भाऊ गेला, तेव्हा त्यांनी विमानाचा नाद सोडला आणि विहिरीतून पाणी उपसणारे पंप बनवू लागले. त्यांतील कँडिडो या भावाच्या लहान मुलाला संधिवात होता. इस्पितळात त्याला पाण्याच्या झोताचे उपचार मिळत. ते घरीही मिळावेत म्हणून बापाने १९४८ च्या सुमारास साध्या न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा पंप तयार केला. १९५६ मध्ये तो बाजारात आला. १९६८ मध्ये त्याच घराण्यातील रॉय जकूझी यांनी झोतांची तोंडे टबाच्या भिंतीतच बसवली. आज ज्याला लोक अमिरांची चैन समजतात तिचे मूळ असे एका बापाच्या कारखान्यात, आजारी मुलासाठी आहे. असो.

टब आला तेव्हा पहिली अडचण विजेची. सौदीत वीज ६० सायकलची, आपल्याकडे ५० ची. मोटर हळू फिरे, तापे, आणि दुसऱ्या वर्षी जळाली. चिपळूणच्या एका वाइंडिंगवाल्याने ती ५० च्या हिशेबाने पुन्हा बांधून दिली. ती मोटर अजून चालते. त्या उस्तादाने एकदाही विचारले नाही की कंपनी कोणती. त्याने गाभा मोजला, तारेचे फेरे मोजले आणि कामाला लागला. हे लक्षात ठेवा, पुढे याच मुद्द्यावर यावयाचे आहे.

गेल्या वर्षी पंपाच्या तोंडाशी पाणी गळू लागले. तेथे एक युनियन असते: पंपाच्या तोंडावर आटे, पाइपाच्या टोकाला कॉलर, मध्ये ओ-रिंग आणि सर्वांना आवळणारी प्लास्टिकची मोठी चाकी. पंचवीस-तीस वर्षांच्या तापण्या-निवण्याने त्या चाकीला तडा गेला होता. एवढेच. टब धड, पंप धड, मोटर धड. हाताच्या पंजाएवढी एक चाकी फुटली आणि आपांची सकाळ बंद झाली.

दुल्हाभाईंनी मुंबईच्या एका शोरूमला फोटो पाठवला. उत्तर आले, हा माल आता कोणी ठेवत नाही, टब काढून टाका, नवीन लाखाच्या वर पडेल. गावच्या प्लंबरने पाइप कापला, नवीन तुकडा जोडला, चाकीवर लांबी थापली. आठव्या दिवशी सांधा सुटला आणि न्हाणीघराबाहेर तळे झाले. दुल्हाभाईंनी आम्हाला फोन केला. आवाजात राग होता, पण खरे दुःख दुसरेच होते. आपा दिवाणखान्यात अंथरूण घालून झोपू लागल्या होत्या, कारण जिना चढवत नव्हता.

आम्ही गेलो. प्लंबर मेहनती मुलगा. त्याची चूक कामाची नव्हती, मापाची होती, आणि ती त्याला कोणी शिकवलीच नव्हती. त्याने दुकानात जाऊन “दोन इंची पाइप आणि कपलिंग” मागितले. दुकानदाराने दोन इंची दिले. टबाचा पाइपही दोन इंचीच. मग बसले का नाही?

कारण आपल्या बाजारात दोन इंची पाइप तीन प्रकारचा मिळतो आणि तिघांचा बाहेरचा व्यास वेगळा आहे. शेतीला आणि ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्याला जो पीव्हीसी पाइप जातो तो मिलिमीटरच्या मापाचा, बाहेरून ६३. लोक त्याला दोन इंची म्हणतात. लोखंडी जी. आय. पाइप दोन इंची घेतला तर बाहेरून ६०.३. आणि गरम पाण्याचा पिवळसर सीपीव्हीसी दोन इंची घेतला तर ५४, कारण त्याची मापे तांब्याच्या नळीवरून आली आहेत. अमेरिकेचा टब ६०.३ च्या पाइपावर बांधलेला असतो. त्या मुलाने ६० च्या पाइपावर ६३ ची कपलिंग चढवली, पावणेतीन मिलिमीटरचा फरक सोल्युशनने आणि भुशाने भरला. सोल्युशन म्हणजे डिंक नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग वितळवते आणि एकमेकांत मुरवते. जेथे दोन भाग एकमेकांस घट्ट टेकतच नाहीत तेथे मुरणार काय?

कापडवाल्याला हे समजावयास वेळ लागत नाही. कोणी म्हणाले चाळीसचे सूत, तर आम्ही लगेच विचारतो, कॉटनचे की फिलामेंटचे? कॉटनचा काउंट म्हणजे एक पौंडात ८४० वाराच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा वाढला की सूत बारीक. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे वजन ग्रॅममध्ये. आकडा वाढला की धागा जाड. आकडा एकच, माल उलटा. सुताच्या पेठेत हा प्रश्न न विचारणारा दलाल एका हंगामात बुडेल. पाइपाच्या दुकानात मात्र तो प्रश्न कोणी विचारत नाही.

आणि मौजेची गोष्ट ऐका. टबाला लागणारा ६०.३ चा पाइप त्याच दुकानात, मागच्या मांडणीवर होता! इमारतींच्या नळकामासाठी यूपीव्हीसीचा जो पांढरा वा राखाडी पाइप शेड्यूल ४० आणि शेड्यूल ८० या नावाने आपल्याकडे विकला जातो, त्याची मापे अमेरिकन पद्धतीचीच आहेत. दोन इंची शेड्यूल ८० ची कपलिंग टबाच्या जुन्या पाइपावर हाताने थोडी चढली आणि मग अडली, जशी अडावयास हवी. चाळीस अंशांच्या पाण्याला हा पाइप चालतो. ज्या मालाविषयी “हिंदुस्थानात मिळत नाही” असे ऐकत होतो तो खेडच्या दुकानात धूळ खात पडला होता. दुकानदार बेइमान नव्हता. त्याने आपल्याच मालाला कधी व्हर्निअर लावले नव्हते.

राहिली चाकी. ती मात्र खरोखरच कोठे मिळेना. आम्ही ती खिशात घालून नागदेवी स्ट्रीट पालथी घातली, लोहार चाळीत दोन फेऱ्या मारल्या. जेथे जावे तेथे पहिला प्रश्न, “कंपनी कोणती?” दुसरा, “डबा आणलाय का?” अरे भाई, पंचवीस वर्षांपूर्वीचा डबा कोण जपून ठेवतो? अडचण अशी की या टबांच्या दोन इंची पंपाच्या तोंडावरचे आटे प्रत्यक्षात तीन इंचांच्या आसपास असतात आणि ते नळाचे आटे नव्हेतच. एका बाजूने सरळ, दुसऱ्या बाजूने उतरते, करवतीच्या दातांसारखे. अमेरिकेत अशा चाकीला तडा गेला तर दोन अर्ध्या भागांची चाकी मिळते, पाइप न कापता ती बाहेरून बसवतात. ती मागवावी तर चाकीच्या किमतीपेक्षा भाडे आणि जकात जास्त.

शेवटी आम्ही जे पहिल्या दिवशी करावयास हवे होते ते केले. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक खरादवाले उस्ताद आहेत. तीस वर्षे त्यांनी पॉवरलूमचे गिअर, बुश आणि शाफ्ट केले. चाकी त्यांच्या हातात दिली. त्यांनी आटे मोजावयाची पात्यांची गेज लावली, एका इंचात किती दात ते पाहिले, दातांची तिरपी बाजू पत्र्याच्या तुकड्यावर कोरून घेतली. आम्ही म्हणालो, नायलॉनची करा, तुमच्याकडे मागाचे नायलॉन पडलेलेच आहे. ते म्हणाले, “शेठ, नायलॉन पाणी पिऊन फुगते, गरम पाण्यात तर विचारू नका. पीव्हीसीचा ठोकळा आणा.” राखाडी पीव्हीसीचा ठोकळा नागदेवीला मिळाला. दोन दिवसांत एकीऐवजी दोन चाक्या तयार झाल्या. पाइप, कपलिंग, ठोकळा, मजुरी सगळे धरून खर्च तीन हजारांच्या आत.

ओ-रिंगचाही एक धडा. जुनी रिंग चपटी झालेली असते, तिचे माप घेतले तर नवी कमी पडते. म्हणून ज्या खाचेत ती बसते ती खाच मोजावी. आतला व्यास आणि दोरीची जाडी, दोन्ही आकडे लागतात. रबरही एका जातीचे नसते. गरम पाण्याला आणि क्लोरीनला इपीडीएम चांगले, पण त्याला गाडीचे साधे ग्रीस लावले की ते फुगते. त्या मुलाने तेच केले होते. सिलिकॉनचे ग्रीस लावावे. हॉटेलांची, इस्पितळांची कामे करणाऱ्या आपल्या प्लंबर भावांनी एवढे वाक्य तरी वहीत लिहून ठेवावे.

आट्यांबाबतही तसेच. आपल्याकडे नळाचे आटे ब्रिटिश मापाचे, अमेरिकेचे वेगळे. अर्धा आणि पाऊण इंचाला दोन्हींचे दात इंचाला १४ च, म्हणून एकात दुसरे थोडे फिरते आणि बसल्यासारखे वाटते, पण दाताचा कोन एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. एक इंचापासून दोन इंचापर्यंत दातांची संख्याच बदलते, ११ आणि साडेअकरा. टेप गुंडाळून जोर लावणारा शेवटी फिटिंग फोडतो.

आता आमचे म्हणणे सांगतो. जुन्या वस्तूचा भाग मिळत नाही असे जे आपण ऐकतो, त्यातील बराच भाग “मिळत नाही” नसून “मोजला नाही” असा असतो. दुकानदाराला माल नावाने माहीत आहे, मापाने नाही. कंपनी बंद झाली की त्याच्या लेखी वस्तू मेली. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या माणसांनी तरी असे म्हणू नये. आपले माग कोणत्या कंपनीचे होते? लँकेशायरच्या जुन्या नमुन्याचे, कित्येक तर मिलांनी काढून टाकलेले, दुसऱ्या-तिसऱ्या हाताने आलेले. बनवणारे कारखाने कधीच बंद झाले. तरीही ते माग पिढ्यान्‌पिढ्या चालले, कारण प्रत्येक मोहल्ल्यात ओतकाम करणारा, खराद चालवणारा, पिकर आणि धोटे विकणारा बसलेला होता. त्या बाजारात कोणी डबा मागितला नाही. तुटलेला तुकडा गल्ल्यावर ठेवावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तसाच घेऊन जावयाचा.

आज साधे माग भंगारात जात आहेत, त्यांच्या जागी बिनधोट्याचे येत आहेत. त्यांचे भाग बाहेरून येतात. आमच्या गल्लीतले उस्ताद आठवड्यातून तीन दिवस रिकामे बसतात. मुलाला त्यांनी मोबाइलच्या दुकानात लावला आहे. ज्या हाताने करवती दातांचे आटे पहिल्याच खेपेस बरोबर काढले, त्या हाताला काम नाही. आणि दुसरीकडे इस्पितळातील व्यायामाचे हौद, हॉटेलांचे टब, आखातातून आलेल्या पैशाने कोकणात बांधलेल्या बंगल्यांमधील परदेशी न्हाणीघरे, यांतील लहानसा भाग मोडला की पूर्ण सामान फेकले जाते. गिऱ्हाईक आहे आणि कारागीरही आहे. मधला दुकानदार गायब आहे, आणि तो आपल्यातूनच निघावयास हवा.

दुकानदारांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. आम्ही स्वतः दुकानदार आहोत. चाळीस रुपयांच्या रिंगसाठी अर्धा तास शोधावयाचे, गिऱ्हाईक मोठे तर वाट पाहत उभे, आणि न खपलेला माल वर्षानुवर्षे पैसे अडकवून बसतो. आम्हीही आमच्या दुकानात वीस वर्षांपूर्वीच्या शेरवानीला जुळणारे पाव मीटर अस्तर मागणाऱ्याला न शोधताच “नाही” म्हणालो आहोत. खोटे का बोलावे, त्या आठवड्यात लग्नसराई होती. पण यावर उपाय आहे. शोधण्याचे पैसे उघडपणे घ्यावेत. रिंग चाळीसची, मापाचे आणि शोधाचे शंभर, असे आधी सांगावे. टब वाचत असेल तर गिऱ्हाईक आनंदाने देईल. आम्ही दिले असते. शोधाचा मोबदला लपवून रिंगच दीडशेला विकणे हा वाईट धंदा, कारण दुसऱ्या दुकानात तीच रिंग चाळीसला दिसली की गिऱ्हाईक तुम्हाला चोर म्हणते.

भांडवल फार लागत नाही. एक चांगले व्हर्निअर, आटे मोजावयाची गेज, रिंगांचा संच, शेड्यूल ८० च्या थोड्या कपलिंग आणि एक वही. जो भाग एकदा करून घेतला त्याचे चित्र आणि आकडे त्या वहीत. मशिदीच्या वुजूखान्यातील पितळी तोट्या आजही का दुरुस्त होतात? कारण तिचे वायसर कोणत्याही दुकानात मिळते आणि ते एका मापाचे आहे हे सर्वांना ठाऊक आहे. वहीत माप उतरले की परदेशी चाकीही त्या वायसराएवढीच सोपी होते.

मात्र प्रत्येक टब वाचवावा असे आम्ही म्हणत नाही. कवचालाच चीर गेली असेल, आतला फोम वर्षानुवर्षे पाणी पिऊन कुजला असेल, तर सोडून द्यावा. गळके झोत बंद करताना पाइपाचे टोक लांब सोडू नये. बंद नळीत साचलेल्या कोमट पाण्यात लेजिओनेला नावाचे जंतू वाढतात, आणि ते पाण्याच्या तुषारांतून फुफ्फुसात जातात. आणि विजेशी काटकसर नको. पाण्यात माणूस बसणार, तेव्हा अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी नसेल तर त्या टबाला हातच लावू नये. आम्ही पाहिले तेव्हा दुल्हाभाईंच्या टबाला तो नव्हता. वीस वर्षे नव्हता! चाकी बसवण्याआधी तो बसवला. दुल्हाभाई कुरकुरले, आपांनी त्यांना गप्प केले.

चाकी बसून आता वर्ष होत आले, थेंब गळलेला नाही. दुसरी चाकी उस्तादांनी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली आहे आणि तिच्याखाली खडूने आकडे लिहिले आहेत. पंपाच्या शाफ्टवरचे सील आता कुरकुरू लागले आहे. या वेळी आम्ही आधीच शाफ्टचा व्यास मोजून आणला आहे, आणि येत्या जुम्याच्या सुट्टीत नागदेवीला जाणार आहोत.